हवानाच्या गच्च्यांवरचं जाळं

सेंत्रो हवानातल्या या जिन्यात दिवा नाही. कठडा धरून चढत राहा. चौथ्या मजल्यानंतर लोखंडी शिडी लागेल. ती हलते, पण तुमच्या पुढे चढणारा पोरगा दिवसातून कितीदा तरी इथून ये-जा करतो, तेव्हा घाबरू नका. जानेवारी 2015 चालू आहे. तुमच्या खिशातला फोन इथे टॉर्च म्हणून तेवढा कामाचा.

वर आलात की आधी वारा लागतो, उत्तरेकडचा, गार आणि खारट. मालेकॉनचा समुद्र चार गल्ल्यांपलीकडे आहे. त्याच्या पल्याड सुमारे 170 किलोमीटरवर फ्लोरिडाचं टोक. इतक्या जवळ अमेरिका असून तिथून इथे इंटरनेटची एकही केबल येत नाही. जी आली आहे ती सोळाशे किलोमीटर लांबच्या व्हेनेझुएलाहून. 2011 मध्ये ती किनाऱ्याला लागली आणि 2013 च्या जानेवारीत कुठे सुरू झाली. सुरू झाली म्हणजे सरकारी दूरसंचार कंपनीसाठी, एतेक्सासाठी. या इमारतीपर्यंत ती पोचलेली नाही.

गच्चीवर पाण्याच्या टाक्या, कबुतरांची खुराडी, दोरीवर चादरी. आणि एका गंजक्या पाइपाला प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी आवळून बांधलेला, वीतभराहून जरा लांब, पांढरा डबा. पोरगा त्याला बोटानं अगदी किंचित डावीकडे वळवतो, खाली कुणाला तरी हाक मारतो, उत्तराची वाट बघतो, पुन्हा केसभर वळवतो. हे नानोस्टेशन, युबिक्विटी या अमेरिकी कंपनीचं रेडिओ यंत्र. अमेरिकेचे व्यापारी निर्बंध आणि क्युबाचं जकात खातं अशा दोन्ही भिंती ओलांडून ते कुणाच्या तरी बॅगेतून आलं आहे. दळणवळण मंत्रालयाच्या परवान्याशिवाय ते वापरणं बेकायदा आहे, आणि परवाना कुणाजवळच नाही.

"असेरे, दोस्ता, समोरची ती निळी टाकी दिसते?" पोरगा विचारतो. तुम्हाला दिसते. "तिच्या मागे आमचा पुढचा माणूस."

निळ्या टाकीपर्यंतची दृष्टिरेषा मोकळी हवी. मधे कुणी नवी खोली चढवली की दुवा तुटतो, मग दुसरी गच्ची शोधायची. जवळच्या घरांना रेडिओ लागत नाही, लॅनची साधी केबल पुरते, पण शंभर मीटरपलीकडे तिचा भरवसा नसतो. म्हणून मधे कुणाच्या तरी घरात एक स्विच ठेवायचा, आणि त्या घरानं तो चोवीस तास चालू ठेवायचा. खाली वाकून गल्लीत बघा. या खिडकीतून त्या सज्जात, सज्जातून विजेच्या खांबाला वळसा घालून पलीकडच्या भिंतीत, अशा काळ्या-करड्या तारा गेल्या आहेत. नव्वदच्या दशकात मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांवर केबलवाल्यानं टाकलेलं जाळं ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हे पटकन ओळखता येईल. फरक एवढाच, की इथे केबलवाला नाही. तार ज्याच्या घरातून जाते, त्याच्या आईला विचारूनच ती टाकलेली असते.

खाली चला. नऊ वाजत आले.

खोली लहान आहे. पंखा, पलंग, उघड्या पेटीचा संगणक, आणि दारात उभी पोराची आई. ती तुम्हाला कॉफी देते, भरपूर साखर घातलेली, आणि पोराला म्हणते, "मिहो, बाळा, आज लवकर बंद कर." तो मान डोलावतो. दूरवर तोफ धडाडते. बंदरापलीकडच्या ला काबान्या किल्ल्यावर रोज रात्री नऊला ती डागली जाते आणि हवानाची घड्याळं तिच्यावर लावतात. आज तोफेबरोबर शहरातल्या निरनिराळ्या वस्त्यांमधली चाळीसेक माणसं एका खेळात उतरणार आहेत.

पोरगा लॉगइन करतो. पडद्यावर नाव येतं ते टोपणनाव. हे एसनेट, म्हणजे स्ट्रीट नेटवर्क. सध्या त्याला सुमारे 9,000 संगणक जोडलेले आहेत आणि रोज वाढताहेत. सेंत्रो हवाना, प्लाया, सेर्रो, दिएस दे ओक्तुब्रे, प्रत्येक भागात एकेक मोठा नोड, त्याला सगळे पिलार म्हणतात. पिलारला लहान नोड टांगलेले, लहान नोडला घरं. पिलार एकमेकांना लांब पल्ल्याच्या रेडिओनं जोडलेले. इथून पाच-सहा किलोमीटरवरच्या मित्राचा आवाज पोराच्या हेडफोनमध्ये येतो, तो पाच-सहा गच्च्यांवरून उड्या मारत.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचा खरा सर्व्हर गाठायला इंटरनेट लागतं. ते नाही, म्हणून याच शहरातल्या कुणीतरी स्वतःच्या खोलीतल्या संगणकावर त्या खेळाचा सर्व्हर उभा केला आहे. तो बिघडला की रात्र जागून दुरुस्तही तोच करतो. डोटाचा सर्व्हर दुसऱ्याकडे, काउंटर-स्ट्राइकचा तिसऱ्याकडे. तुम्ही फक्त खेळ बघून उठू नका, पोराला बाकीचं दाखवायला सांगा. तो विकिपीडियाची प्रत उघडतो, जुनी पण पूर्ण शोधता येणारी. गप्पांच्या खोल्या, गाण्यांचे साठे, फेसबुकसारखं दिसणारं गावठी बनावटीचं संकेतस्थळ, प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांसाठी कुणी कुठून तरी उतरवून आणलेली पुस्तकं. मालिका आणि चित्रपट मात्र 'पाकेते'मधून येतात. दर आठवड्याला शहरभर हार्डडिस्कवरून हातोहात फिरणारा, टेराबाइटभर मालाचा हा गठ्ठा. एक-दोन सीयूसी, म्हणजे क्युबाचे परिवर्तनीय पेसो, मोजले की तो तुमच्या डिस्कवर उतरवून मिळतो.

इथे जरा थांबा आणि नीट बघा, कारण हे सहज नजरेआड होतं. पडद्यावर जे काही आहे ते शहरातल्याच कुणीतरी ठेवलेलं आहे. परगावच्या, परदेशातल्या, अज्ञात कंपनीच्या यंत्रावरून काहीच येत नाही. ज्या माणसामुळे तुमचा दुवा चालतो त्याला तुम्ही रस्त्यात भेटू शकता आणि त्याच्यावर चिडूही शकता. महिन्याला एखादा सीयूसी वर्गणी निघते, ती जळालेल्या यंत्रांवर खर्च होते. उन्हाळ्यात आभाळ कडाडलं की सगळे प्लग उपटायला धावतात. हिशेब ठेवणारा, तार ओढणारा, भांडण सोडवणारा, सगळे बिनपगारी.

आता खेळात गोंधळ उडतो. गप्पांच्या खिडकीत नव्या पोरानं काहीतरी लिहिलं आहे, महिनाभरापूर्वीच्या बातमीबद्दल. 17 डिसेंबरला राउल कास्त्रो आणि ओबामा एकाच वेळी दूरदर्शनवर आले आणि दोन देशांचे संबंध पुन्हा जोडायची घोषणा झाली. त्यावर त्या पोरानं मत दिलं आहे, फार जहाल नाही, पण मत आहे. मिनिटभरात त्याचं टोपणनाव नाहीसं होतं. नोडच्या व्यवस्थापकानं त्याला काही दिवसांसाठी तोडलं.

तुम्ही पोराकडे बघता. तो खांदे उडवत नाही, हसत नाही. बोटावर मोजून नियम सांगतो. राजकारण नाही. धर्म नाही. अश्लील काही नाही. आणि कुणीही, कधीही, कुठल्याही वाटेनं या जाळ्याला इंटरनेट जोडायचं नाही. चौथा नियम सांगताना त्याचा आवाज बदलतो.

तो आवाज समजायचा तर मागे जावं लागेल. डिसेंबर 2009. अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेच्या कंत्राटावर काम करणारा अ‍ॅलन ग्रॉस हवानात पकडला जातो. इथल्या ज्यू समाजाला उपग्रहावरून इंटरनेट मिळावं म्हणून त्यानं यंत्रं आणली होती. मार्च 2011 मध्ये त्याला पंधरा वर्षांची शिक्षा होते. पाच वर्षं तुरुंगात काढून तो सुटतो त्याच दिवशी ओबामा दूरदर्शनवर बोलतात, तोच 17 डिसेंबर 2014. मधल्या पाच वर्षांत हवानातली प्रत्येक आई आपल्या पोराला सांगत होती की गच्चीवरचा डबा खेळापुरताच ठेव. एसनेटच्या मुलांनी ते ऐकलं, आणि आपण केवढे निरुपद्रवी आहोत हे पटवण्यासाठी सरकारहून कडक नियम स्वतःवर लादले. पोलिसांनीही काणाडोळा केला.

त्या तोडलेल्या पोराबद्दल मला वाईट वाटतं आणि व्यवस्थापकाला दोष देववत नाही. दोन्ही एकदमच. या जाळ्याचं कौतुक करताना ही गप्प बसण्याची किंमत झाकून ठेवली, तर त्या मुलांवर अन्याय होईल, कारण ती त्यांनी रोज मोजली.

आणखी मागे जायचं तर 2001 च्या सुमारास जा. तेव्हा हे एवढंसं आहे. एका गल्लीतले काही खेळवेडे, काळ्या बाजारातून एकेक सुटा भाग जमवून जोडलेले संगणक, घरातून घरात केबल. दुकानात जाऊन संगणक विकत घेण्याची मुभा सामान्य क्युबन माणसाला मे 2008 पर्यंत नव्हती. मुभा मिळाली तेव्हा किंमत निघाली 780 डॉलरच्या आसपास.

पुढे या. जुलै 2015, वेदादो भागातली ला राम्पा ही उताराची सडक. फुटपाथवर, पायऱ्यांवर, मोटारींच्या बॉनेटवर माणसंच माणसं, सगळ्यांचे चेहरे फोनच्या उजेडात निळसर. सरकारनं देशभरात पस्तीस ठिकाणी वायफाय सुरू केलं आहे. तासाला दोन सीयूसी. सरकारी नोकराचा सरासरी पगार महिन्याला पंचवीस सीयूसीच्या आसपास, म्हणजे बारा तासांत महिना संपला. शेजारची बाई मायामीतल्या बहिणीला पडद्यावर नातू दाखवते आहे आणि रडते आहे. तुम्ही नजर वळवता, पण इथे नजर वळवायला जागाच नाही. तुमचा पोरगा एक कार्ड खरवडतो, अर्ध्या तासात गेमच्या दुरुस्तीची फाइल उतरवून घेतो आणि घरी जातो. ती फाइल रात्री अख्ख्या शहराला मिळेल, फुकट.

डिसेंबर 2018 पटकन ओलांडा. मोबाइलवर थ्रीजी आलं, 600 एमबीला सात सीयूसी. एसनेट तोवर कित्येक पटींनी फुगलं होतं आणि हजारो घरांत पोचलं होतं.

उतरा ते ऑगस्ट 2019 मध्ये, रेव्होल्युशन चौकात. भर उन्हात समोर दळणवळण मंत्रालयाची इमारत, तिच्या दर्शनी भिंतीवर क्रांतिकारक कामिलो सिएनफुएगोसचा पोलादी रेषांमधला भव्य चेहरा. त्या भागात काही तरुण जमले आहेत. घोषणा नाहीत. त्यांना फक्त कुणाशी तरी बोलायचं आहे, आणि ज्या शहरात परवानगीशिवाय चार माणसं मागणी घेऊन एकत्र उभी राहत नाहीत तिथे एवढंही पुष्कळ आहे. तुमचा पोरगा आता तिशीकडे झुकला आहे. त्याच्या हातात सरकारी राजपत्राची घडी, त्यात ठराव क्रमांक 98 आणि 99. मे महिन्यात छापले, 29 जुलैपासून लागू.

घडी उघडून वाचा. पहिल्या वाचनात आनंदच होईल. घरातलं वायफाय आता कायदेशीर, राउटर परदेशातून आणायला मोकळीक, परवाना काढता येईल. मग पुढची कलमं येतात. प्रक्षेपणाची ताकद 100 मिलिवॅटच्या आत हवी. खासगी केबल रस्ता ओलांडणार नाही. पिलारवरची यंत्रं या ताकदीच्या कितीतरी पुढची आहेत. आणि रस्ता ओलांडायचा नाही, तर मग जाळं ते काय राहिलं? अठराएक वर्षं बेकायदा असताना जे चाललं, ते कायदेशीर होण्याच्या दिवशी मोडलं.

आत बोलणी होतात. बाहेर आलेल्यांचे चेहरे पाहून निकाल कळतो. एसनेटचे सर्व्हर आणि सेवा सरकारच्या होवेन क्लबकडे जाणार. 1987 मध्ये सुरू झालेली आणि आता देशभर सहाशेहून जास्त ठिकाणी चालणारी ही सरकारी संगणक केंद्रं. काहीजण म्हणतात, निदान काम तरी जिवंत राहील. काहीजण काहीच न बोलता घरी जाऊन गच्चीवर चढतात आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्या कापतात. तुमचा पोरगा दुसऱ्यांमधला.

"आम्ही एक शब्द बोललो नाही," तो वाटेत सांगतो. "इतकी वर्षं. एक शब्द नाही."

मला वाटतं, प्रश्न शब्दांचा कधी नव्हताच. काय बोलतात हे राज्यकर्त्यांना ठाऊक होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. न विचारता हजारो घरं एकमेकांना जोडता येतात, दुरुस्त करता येतात, नियम करून पाळता येतात, आणि याला एतेक्सा लागत नाही, हे चालवून घेण्यासारखं नव्हतं.

शेवटचा थांबा 11 जुलै 2021, रविवार. हवानाजवळच्या सान अंतोनियो दे लोस बान्योस गावात लोक सरकारविरुद्ध रस्त्यावर उतरतात, फोनवरून थेट चित्रण सुरू होतं, बघता बघता ते बेटभर पसरतं. दुपार सरते आणि डेटा बंद पडतो. फोन चालू, बॅटरी भरलेली, पडद्यावर फिरणारं चक्र. देशाचं सगळं इंटरनेट एकाच कंपनीच्या हातातून जातं, त्यामुळे ते बंद करायला फार माणसं लागली नाहीत. सेंत्रो हवानातल्या त्या खोलीत आई विचारते, "मिहो, तुझं ते जुनं चालेल का आता?" पोरगा खिडकीतून समोर बघतो. निळी टाकी आहे. तिच्या मागचा माणूस दोन वर्षांपूर्वीच देश सोडून गेला.