ढोलकी कोणाची?

वामनदादा कर्डकांनी (1922-2004) गाणी स्वतः लिहिली, स्वतः गायली. पुढे प्रल्हाद शिंदेंसारख्यांच्या आवाजात भीमगीतं तबकड्यांवर गेली आणि 1980 च्या दशकात स्वस्त कॅसेटींतून वस्त्यावस्त्यांत वाजू लागली. आम्ही तुर्भे-दिघ्यात जमवलेल्या कॅसेटींची कव्हरं पाहा: बाबासाहेबांचा फोटो, गायक, गीतकार, कंपनी. ढोलकी कोणाची? कोरसला कोण? पत्ता नाही. कव्वालीच्या ढंगातलं भीमगीत कोरसशिवाय उभंच राहत नाही. तीच ओळ पुन्हा पुन्हा उचलली जाते, म्हणून तर निरक्षर आज्यांनाही ती पाठ झाली. वामनदादांना डावललं म्हणून आपण भांडतो, आणि भांडायलाच हवं. मग आपलेच वादक आपण निनावी का ठेवायचे? यंदा जयंतीला ढोलकीवाल्या म्हाताऱ्यांजवळ वही घेऊन बसा. कुठल्या कॅसेटला वाजवलं, बिदागी किती मिळाली, लिहून घ्या.