मेंदूचा निरोप कसा पोचतो आणि कुठे अडतो: मण्यारीचा दंश, फवारणीची विषबाधा आणि फिट समजून घेण्यासाठी

पहाटे पोटात दुखते म्हणून माणूस उठतो. एक-दोन उलट्या होतात, घसा दाटल्यासारखा वाटतो. तासा-दोन तासांत पापण्या जड होतात, बोलणे बोबडे होते, मान धरवत नाही. अंगावर जखम नाही, सूज नाही. घरचे सांगतात, रात्री खाली जमिनीवर झोपला होता, बाकी काही झाले नाही. पावसाळ्यात घुग्घुस, वणी, राजुरा किंवा गडचिरोलीकडून असा रुग्ण आला तर डॉक्टरच्या मनात पहिले नाव मण्यारीचे येते.

दुसरा रुग्ण दिवसभर पऱ्हाटीवर फवारणी करून आलेला असतो. तोंडातून लाळ गळते, अंग घामाने भिजलेले, छातीत घरघर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या आणि दंडाचे, मांडीचे स्नायू कातडीखाली फडफडत असतात.

ही दोन्ही विषे शरीरात एकाच जागी घाव घालतात. ती जागा म्हणजे एका चेतापेशीचे टोक आणि पुढच्या पेशीची सुरुवात यांच्यामधली फट. ही फट नीट समजली तर नातेवाईकांना पडणाऱ्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरे मिळतात. तो हलत नाही, मग त्याला ऐकू येते का? लस दिली तरी श्वासाचे यंत्र का काढत नाहीत? काल बरा होता, आज परत मान का टाकली?

निरोप तारेतून जातो, पण फटीशी थांबतो

चेतापेशीला इंग्रजीत न्यूरॉन म्हणतात. माणसाच्या मेंदूत त्या सुमारे ८,६०० कोटी असतात. प्रत्येकीला मुख्य शरीर, निरोप घेणाऱ्या बारीक फांद्या आणि निरोप पुढे नेणारा एक लांब तंतू असतो. कमरेतून पायाच्या अंगठ्याकडे जाणारा तंतू जवळजवळ एक मीटर लांब भरतो.

शांत असताना पेशीच्या आतली बाजू बाहेरच्या मानाने ऋण असते. हा फरक साधारण ७० मिलिव्होल्टचा. पेशी उत्तेजित झाली की तिच्या आवरणातली दारे उघडतात, सोडियमचे कण आत घुसतात आणि विजेची एक लाट तंतूवरून पुढे सरकते. जाड, चरबीचे वेष्टण असलेल्या तंतूंत ही लाट सेकंदाला १०० मीटरहून अधिक वेगाने जाते. दुखण्याची ठसठस आणणाऱ्या बारीक तंतूंत वेग सेकंदाला जेमतेम एक मीटर असतो. पायाला ठेच लागली की आपटल्याचे आधी कळते आणि ठणका क्षणभराने येतो, तो याच कारणाने.

ही लाट तंतूच्या टोकाशी येऊन थांबते. घुग्घुसहून वणीला जाताना मध्ये वर्धा नदी लागते. पूल नसता तर गाडी काठावर उभी राहिली असती आणि माल डोंग्यात घालून पलीकडे न्यावा लागला असता. चेतापेशींच्या मध्येही बहुतेक ठिकाणी पूल नसतो. साध्या कागदाच्या जाडीचे पाच हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढी ही फट, पण वीज ती ओलांडत नाही. इथे डोंग्याचे काम रसायने करतात. या जोडाला सिनॅप्स म्हणतात.

निरोप रसायनाने जातो हे ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये दाखवले. त्यांनी बेडकाच्या हृदयाकडे जाणारी चेता उत्तेजित करून त्याचे ठोके मंद केले आणि त्याभोवतीचे पाणी दुसऱ्या हृदयावर सोडले. त्या दुसऱ्या हृदयाला चेतेचा धक्का दिलाच नव्हता, तरी तेही मंदावले. त्या पाण्यातले रसायन म्हणजे असिटिलकोलिन. लोवी आणि हेन्री डेल यांना १९३६ चे नोबेल मिळाले.

हेच असिटिलकोलिन आपल्या प्रत्येक हालचालीमागे आहे. विजेची लाट चेतेच्या टोकाशी आली की कॅल्शियम आत शिरते, रसायनाने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या फटीत रिकाम्या होतात, रसायन स्नायूवरच्या ग्राहकांवर बसते आणि स्नायू आकसतो. फटीत असलेले एक विकर, म्हणजे एन्झाइम, ते रसायन लगेच तोडून जागा मोकळी करते. हे सगळे एक-दोन हजारांश सेकंदांत उरकते. श्वास घेताना छातीच्या पडद्याशी हेच घडत असते, झोपेतसुद्धा.

मण्यार: निरोप पाठवणारा काठच उद्ध्वस्त होतो

मण्यारीच्या विषातला एक घटक स्नायूवरच्या ग्राहकांवर बसून जागा अडवतो. त्याहून घातक घटक फटीच्या अलीकडे, चेतेच्या टोकात शिरतो. तिथल्या पिशव्या रिकाम्या होतात आणि टोकाचीच मोडतोड होते. मेंदू हुकूम देतो, वीज टोकापर्यंत येते, पण पलीकडे काही जात नाही. आधी पापण्या, मग घसा, मान आणि शेवटी श्वासाचे स्नायू बंद पडतात.

सर्पविषावरची लस रक्तात फिरणारे विष पकडते. मोडलेली टोके ती जोडू शकत नाही. म्हणून लस लवकर देण्यात अर्थ आहे, आणि म्हणूनच लस देऊनही रुग्ण काही दिवस, कधी त्याहून जास्त काळ यंत्रावर राहतो. टोके नव्याने वाढेपर्यंत श्वास चालू ठेवणे हाच तेव्हा उपचार असतो. नागाचे विष मुख्यतः पलीकडच्या ग्राहकांवर बसते. तिथे निओस्टिग्मिनचे इंजेक्शन फटीतले असिटिलकोलिन टिकवून धरते आणि रुग्णाला उतार पडू शकतो. मण्यारीत मुळात रसायनच सुटत नाही, त्यामुळे या इंजेक्शनचा फारसा उपयोग होत नाही. शेजारच्या खाटेवरचा नागदंशाचा रुग्ण दोन दिवसांत उठला आणि आपला अजून पडून आहे, यावरून उपचारात कसूर झाली असे समजू नका.

आता या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हे विष मेंदूत जवळजवळ शिरत नाही. रुग्णाचे डोळे मिटलेले, बुबुळे स्थिर, बाहुल्या मोठ्या झालेल्या आणि टॉर्च मारला तरी न आकसणाऱ्या, हातपाय लुळे असे सगळे दिसते. बघणाऱ्याला वाटते, मेंदू गेला. पण श्वास यंत्राने वेळेवर चालू झाला असेल तर तो माणूस आत जागा असू शकतो. त्याला आवाज ऐकू येतो, सुई टोचलेली कळते. असे दिसणारे रुग्ण बरे होऊन, त्या दिवसांत खाटेभोवती कोण काय बोलले ते सांगतात. म्हणून त्याच्या उशाशी रडारड करू नका, ‘आता काही राहिले नाही’ असे बोलू नका. नाव घेऊन बोला. आज कोणता वार, तू कुठे आहेस, हे यंत्र कशाला लावले आहे, ते सांगा. त्याला वेदना आणि भीती कमी होण्याचे औषध चालू आहे का, हे डॉक्टरांना विचारा. तो तुमचा हक्क आहे. चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या भागात कारण न कळलेला लुळा रुग्ण असेल तर मेंदू मृत ठरवण्याआधी सर्पविष वगळलेच पाहिजे. घरी नेण्याचा निर्णय घेण्याआधी हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारा.

मण्यारीचे दात बारीक असतात. दंशाची खूण बऱ्याचदा सापडत नाही, दुखतही नाही. त्यामुळे पहाटेच्या पोटदुखीला पित्ताची गोळी देऊन उजाडायची वाट पाहणे महागात पडते. पोटदुखीबरोबर पापण्या जड होत असतील किंवा गिळता येत नसेल तर १०८ ला फोन करा. कापू नका, चोखू नका, दोरी आवळू नका. गावातल्या पुजाऱ्याकडे नेले आणि रुग्ण बरा झाला, अशा गोष्टी खऱ्याही असतात, कारण बिनविषारी सापाचा दंश कुणाच्याही हातून बरा होतो. मण्यारीत मात्र तेवढ्या वेळात श्वास थांबतो. खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपणे हा सगळ्यांत स्वस्त उपाय.

फवारणी: निरोप पोचतो, पण पुसला जात नाही

ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके, उदाहरणार्थ मोनोक्रोटोफॉस किंवा प्रोफेनोफॉस, फटीतल्या त्या साफसफाई करणाऱ्या विकराला बांधून टाकतात. असिटिलकोलिन साचत जाते. ग्रंथी थांबत नाहीत, म्हणून लाळ, घाम, जुलाब आणि फुप्फुसात पाणी. स्नायू आधी फडफडतात, मग थकून लुळे पडतात. या गटाची औषधे मेंदूतही पोचतात, त्यामुळे गोंधळ, फिट आणि बेशुद्धीही येते.

२०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक जण दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्या वेळी वापरलेली सगळीच औषधे या गटातली नव्हती, अनेकदा दोन-तीन औषधे मिसळली गेली होती. म्हणून रुग्णाबरोबर बाटली किंवा निदान तिचे लेबल आणा. उपचार त्यावर ठरतो. निघण्याआधी त्याचे कपडे काढून अंग साबणाने धुवा. विष कातडीतूनही शिरत असते. हे करताना स्वतःच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या घाला.

अॅट्रोपिनचे डोस पाहून नातेवाईक घाबरतात. रुग्ण लाल होतो, तोंड सुकते, नाडी धावते, कधी तो बरळतो. छातीतले पाणी सुकवण्यासाठी ते त्या मात्रेत द्यावेच लागते. मात्र अॅट्रोपिन ग्रंथी आणि हृदयावरच्या ग्राहकांवर काम करते, हातापायांच्या आणि श्वासाच्या स्नायूंवरच्या ग्राहकांवर नाही. त्यामुळे दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, सगळे आटोक्यात आले असे वाटत असताना, रुग्णाची मान पुन्हा लुळी पडू शकते आणि श्वास कमी होऊ शकतो. ‘बरा दिसतो, सुट्टी द्या’ असा आग्रह नेमका याच दिवसांत होतो. उशीवरून डोके उचलता येते का, हे या काळात रोज पाहायचे असते. ते उचलता येत नसेल तर लगेच नर्सला बोलवा.

मेंदूच्या आत: होकार, नकार आणि बेरीज

स्नायूशी हिशोब सोपा आहे: निरोप आला, स्नायू हलला. मेंदूत एकेका पेशीवर हजारो जोड असतात. काही जोड ‘पेटव’ म्हणतात, त्यांचे मुख्य रसायन ग्लुटामेट. काही ‘थांब’ म्हणतात, त्यांचे मुख्य रसायन गाबा. पेशी या सगळ्यांची बेरीज करते आणि ती एका पातळीच्या वर गेली तरच लाट सोडते. अर्धी लाट नसते. जोराचा निरोप म्हणजे लाटा अधिक वेळा. वारंवार वापरलेला जोड पक्का होतो. आपण शिकतो ते असे, आणि लकव्यानंतर तीच हालचाल रोज शेकडो वेळा करायला सांगतात तेही यासाठीच.

‘थांब’ कमी पडले की पेशींचे टोळकेच्या टोळके एकदम पेटते. तीच फिट. चप्पल किंवा कांदा हुंगवल्याने गाबा वाढत नाही. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते आणि श्रेय कांद्याला मिळते. रुग्णाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ पाहा. पाच मिनिटांवर गेली तर रुग्णालय. तिथे दिले जाणारे लोराझेपाम किंवा मिडाझोलाम गाबाचाच जोर वाढवते.

दारूही गाबाचा जोर वाढवते. रोज पिणाऱ्याचा मेंदू तोल सांभाळायला ‘पेटव’ची बाजू वाढवून ठेवतो. मग पाय मोडला, ताप आला किंवा साप चावला म्हणून तो दाखल होतो आणि दारू एकदम बंद होते. पहिल्या दोन दिवसांत हात थरथरतात, फिट येते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी नसलेली माणसे दिसू लागतात. घरच्यांना वाटते रुग्णालयातल्या औषधाने डोके फिरले. आधी कळले असेल तर हे बहुतेक वेळा टाळता येते. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात ती २०१५ ते २०२१ या काळात होती, आणि त्यामुळे मोहाची घेत असला तरी नातेवाईक ‘नाही हो, कधीच नाही’ म्हणतात. दाखल करताना किती आणि किती वर्षे, ते खरे सांगा. हवे तर डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगा. आम्ही ते पोलिसांसाठी विचारत नाही, औषधाचा डोस ठरवण्यासाठी विचारतो.