उत्सर्ग, गाळ आणि टाकी

‘किरणोत्सर्ग’ या शब्दाचा पूर्वार्ध झगझगीत असला तरी रंगत आहे ती उत्तरार्धात. ‘किरण’ हा कॄ, म्हणजे विखुरणे, या धातूपासून आलेला दिसतो. विकिरण, प्रकीर्ण ही त्याची भावंडे. ‘उत्सर्ग’ सृज् धातूचा, म्हणजे सर्ग, विसर्ग, विसर्जन यांच्या घरचा. उत् + सृज् म्हणजे सोडून देणे. काय सोडले, यावर शब्दाची प्रतिष्ठा ठरते. मलोत्सर्ग देहधर्मात जातो आणि तडागोत्सर्ग पुण्यकर्मात : खोदलेल्या तळ्यावरचा आपला हक्क सोडून ते सर्वांसाठी खुले करणे. मुळात पैठणच्या, पण काशीत स्थिरावलेल्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठाने सतराव्या शतकात या विषयावर ‘उत्सर्गमयूख’ लिहिला. मयूख म्हणजे किरण! बेकरेलला युरेनियमचे किरण सापडले १८९६ साली. आपल्याकडे किरण आणि उत्सर्ग एका ग्रंथनामात केव्हाच शेजारी बसले होते. योगायोगच, पण मोठा गोड.

‘किरणोत्सारी’ हे विशेषण मात्र सृ, म्हणजे सरणे, या दुसऱ्याच धातूचे असावे. नाम एका घरचे, विशेषण दुसऱ्या घरचे, आणि संसार सुखाचा.

तडागोत्सर्ग म्हटले की गोंदिया जिल्हा आठवणारच. कोहळी समाजाने बांधलेले तलाव, बोड्या म्हणजे लहान तळी, नवेगावबांध. ‘तलाव’ या शब्दात फारसी ‘आब’ असल्याचा भास होतो, पण मूळ ‘तडाग’च असावे, ‘आब’ने हिंदी ‘तालाब’चे शेपूट तेवढे रंगवलेले दिसते. या तलावांच्या नावातले ‘मालगुजारी’ मात्र अस्सल परकी : अरबी माल आणि फारसी गुजार्दन, म्हणजे अदा करणे. आता ‘माजी मालगुजारी’चे ‘मामा’ झाले आणि सारा वसूल करणाऱ्यांचे तलाव आजोळचे वाटू लागले.

या मामा तलावांतला गाळ काढून भाताच्या बांधीत टाकतात. ‘गाळ’ गल्, म्हणजे ठिबकणे, पासून आला असावा. ‘गाळणे’ हे क्रियापद मात्र लबाड आहे : चहा गाळला की चहा उरतो, ओळ गाळली की ओळ जाते. मैलापाणी शुद्धीकरण केंद्रातही हाच घोळ. पाणी गाळून नदीला गेले, पण जे ‘गाळले’ ते कुठे गेले? ते तळाशीच बसले. २०११ साली फुकुशिमाच्या अणुअपघातानंतर जपानी केंद्रांतल्या मैल्याच्या गाळात सीझियम सापडले, ते असेच पावसाबरोबर गटारात उतरलेले. सीझियम-१३७ निम्मे व्हायला तीस वर्षे लागतात. तो गाळ बांधीत कोण टाकणार?

बडोद्याच्या गाजरावाडीत प्रकार उलटा. तिथे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या यंत्रणेत कोबाल्ट-६०च्या किरणांनी मैल्याच्या गाळातले जंतू मारले; किरण खाऊन गाळ स्वतः किरणोत्सारी होत नाही. यंत्रणेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवली की ‘श्री’ होते. मैल्याच्या आरंभी श्रीकार घालणारा तो नामकरणकार रसिक असावा.

‘सांडपाणी’तले ‘सांडणे’ हिंदी ‘छाँड़ना’चे सख्खे दिसते, जुन्या मराठीत त्याचा अर्थ टाकणे, त्यागणे असाच. म्हणजे सांडणे हा उत्सर्गाचा देशी अवतार म्हणायचा. (वृषोत्सर्गातला सोडलेला सांड इथे घुसवण्याचा मोह होतो, पण तो ‘षण्ड’चा वंशज.)

काही सांडपाणी तर स्वतःच किरणोत्सारी असते. थायरॉइडच्या कर्करोगात आयोडीन-१३१ची मोठी मात्रा दिली की तिचा बराचसा भाग पहिल्या दोन दिवसांतच लघवीवाटे बाहेर पडतो. एकाच वेळी मूत्रोत्सर्ग आणि किरणोत्सर्ग! १९६३ साली सुरू झालेल्या परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरसारख्या ठिकाणी हे उपचार होतात. असे पाणी लगेच सांडायचे नसते. ते ‘डिले टँक’मध्ये, म्हणजे विलंबाच्या टाकीत, अडवून ठेवतात. आठ दिवसांत आयोडीन निम्मे होते, ऐंशी दिवसांत हजारांश उरते.

आता ही ‘टाकी’ कुठली? पोर्तुगीज ‘तांक’ धरली तर तिच्यामागे प्रवाह अडवणे या अर्थाचे क्रियापद आहे, म्हणजे उत्सर्गाच्या नेमके विरुद्ध. पण गडांवरची कातळात खोदलेली टाकी पोर्तुगीजांची वाट पाहत बसली नव्हती. त्यांचे नाते संस्कृत टंक, म्हणजे छिन्नीशी, असावे. पाथरवटाच्या छिन्नीला आपण आजही टाकीच म्हणतो. माझे मत छिन्नीच्या बाजूने झुकते, पण ‘तांक’वाल्यांचे पारडेही हलके नाही.