टेलिफोनची बटणे

बेरजेच्या यंत्रावर बोटे सरावलेल्या कारकुनाचा हात टेलिफोनकडे वळला की त्याला एक विसंगती जाणवते. यंत्रावर वरच्या ओळीत ७, ८, ९. टेलिफोनवर मात्र १, २, ३. अंक तेच, मांडणी उलटी. ही कोणा कारागिराची लहर असावी, असा समज होणे साहजिक आहे. वस्तुस्थिती अशी की, टेलिफोनवरील अंकांच्या जागा ठरण्यापूर्वी अनेक माणसांच्या बोटांचा कौल घेतला गेला होता.

ही हकीकत अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेची. तेथे १९४५ साली जॉन कार्लिन हे मानसशास्त्रज्ञ रुजू झाले. ते मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, आणि उत्तम व्हायोलिनवादकही. यंत्र कसे चालते हे सांगणारे तेथे पुष्कळ होते. ते वापरताना माणूस कोठे अडखळतो, हे पाहण्याचे काम कार्लिन यांच्याकडे आले. त्यांची एक गोष्ट सांगतात. टेलिफोनची दोरी किती लांब असावी, हे त्यांनी कोणाला विचारलेच नाही. दर तीन दिवसांनी सहकाऱ्यांच्या खोल्यांतील दोऱ्या गुपचूप एकेक इंच तोडविल्या. पुरता एक फूट कमी होईपर्यंत कोणाच्या ध्यानातही आले नाही! विचारले असते, तर प्रत्येकाने लांब दोरीच मागितली असती.

तबकडीच्या जागी बटणे आणण्याचा विचार सुरू झाला, तेव्हा पहिला नमुना निघाला तो निव्वळ कागदाचा. मेरी लुट्झ आणि अल्फॉन्स चॅपॅनिस यांनी लोकांपुढे दहा कोऱ्या बटणांच्या आकृत्या ठेवल्या आणि अंक कोठे असावेत ते लिहा, असे सांगितले. त्यांचा निष्कर्ष १९५५ साली प्रसिद्ध झाला. बहुतेकांनी अंक वाचनाच्याच क्रमाने, डावीकडून उजवीकडे व वरून खाली लिहिले होते. खर्च म्हणाल तर कागदाचा आणि पेन्सिलीचा!

पण मनाला रुचणे वेगळे आणि हाताला साधणे वेगळे. म्हणून पुढची पायरी खऱ्या बटणांची. आर. एल. डाइनिंगर यांनी प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांकडून निरनिराळ्या मांडण्यांवर क्रमांक दाबून घेतले. त्यांत तबकडीसारखे वर्तुळ होते, दोन आडव्या ओळी होत्या, जिन्याच्या पायऱ्यांसारखी तिरकी रांगही होती. लागलेला वेळ, झालेल्या चुका आणि माणसाची आवड या तिन्हींची नोंद झाली. बटण किती जोराने दाबावे लागावे, किती खोल जावे, हेही तपासले गेले. १९६० साली हे सारे प्रसिद्ध झाले. मौज अशी की, चांगल्या मांडण्यांत फरक फारच थोडा निघाला. तीन-तीनच्या तीन ओळी व खाली शून्य ही मांडणी टिकली, ती लोकांना सोपी वाटली म्हणून, आणि उपकरणाच्या आटोपशीर जागेत सहज बसली म्हणूनही. निवड केवळ लोकमताने झाली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल.

१८ नोव्हेंबर १९६३ रोजी पेनसिल्व्हेनियातील कार्नेगी व ग्रीन्सबर्ग या गावी बटणांचा टेलिफोन ग्राहकांस मिळू लागला. १९६८ साली शून्याच्या दोहों बाजूंस आणखी दोन बटणे आली. अंकांच्या जागा मात्र ढळल्या नाहीत. आज मोबाइलच्या काचेवरही त्या तशाच उमटतात.