आंशिक यकृत-उच्छेदन, उंदरातील

यकृताच्या पुनर्जननाचा अभ्यास करण्यासाठी उंदराच्या यकृताचा ठरावीक भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया. हिगिन्स व अँडरसन या अमेरिकी संशोधकांनी १९३१ मध्ये मोठ्या उंदरावर (रॅट) ही पद्धत मांडली. पुढे ती लहान पांढऱ्या उंदरासाठीही (माऊस) रूढ झाली.

उंदराच्या यकृताचे मध्य, डावा, उजवा व पुच्छखंड असे चार मुख्य खंड असतात. प्राण्याला पूर्ण भूल देऊन पोट उघडतात, डाव्या व मध्य खंडांच्या देठांना रेशमी दोऱ्याची गाठ मारून ते कापतात. यात सुमारे दोन-तृतीयांश यकृत जाते. पित्ताशय मध्यखंडाला चिकटलेले असल्याने माऊसमध्ये बहुधा तेही काढावे लागते. रॅटला पित्ताशयच नसते. गाठ अधोमहाशिरेच्या फार जवळ बसल्यास रक्तप्रवाह अडतो. सैल राहिल्यास रक्तस्राव होतो.

कापलेले खंड पुन्हा उगवत नाहीत. उरलेल्या खंडांतील पेशी विभागून यकृताचे वजन साधारण ७ ते १० दिवसांत जवळजवळ पूर्ववत होते.

भारतात असे प्रयोग प्राणिक्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कक्षेत येतात. संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीची पूर्वमंजुरी आवश्यक असते.