ब्रेडाचा वेढा, तांब्याच्या पत्र्यावर

नेदरलँड्समधले ब्रेडा शहर स्पॅनिश सेनापती स्पिनोलाने नऊ महिने वेढून जून १६२५ मध्ये घेतले. विजयाचा नकाशा करण्याचे काम इन्फांता इसाबेलाने लोरेनच्या झाक कालोकडे सोपवले. त्याने तो तांब्याच्या सहा पत्र्यांवर अम्लाने कोरला. वरच्या भागात बुरूज, खंदक, मोर्चे; खाली मात्र नकाशाचे चित्र होते आणि छावणीतली माणसे दिसू लागतात. किल्ल्याची रचना शत्रूपासून लपवायची, आणि किल्ला पडला की जेत्याने तीच छापून मिरवायची! हे मिरवणे फार टिकले नाही. १६३७ मध्ये डचांनी ब्रेडा परत घेतले. त्याआधीच, १६३३ मध्ये, कालोची युद्धाच्या हालांवरची चित्रमालिका निघाली होती. तिच्यात नकाशा नाही. गाव लुटणारे सैनिक आहेत, आणि पुढे तशाच सैनिकांना झाडाला दिलेली फाशी.