एका पटाची कुळकथा

सारीपाट कोणी रचला, पच्चिशीतील कवड्यांचे दान कोणी ठरविले, वाघबकरीचा पट प्रथम कोणी दगडावर कोरला, असे प्रश्न आपल्याकडे सहसा कोणी विचारीत नाही. ओवी जशी एका जात्यावरून दुसऱ्या जात्यावर गेली तसाच खेळही एका ओसरीवरून दुसऱ्या ओसरीवर गेला. मोक्षपट परंपरेने ज्ञानदेवांच्या नावावर मांडला आहे. पण ती श्रद्धेची गोष्ट, पुराव्याची नव्हे. हाच मोक्षपटाच्या कुळातला खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विलायतेत गेला. तेथे हळूहळू त्याच्या घरांतील पापपुण्यांची नावे पुसली गेली, आकडे उरले आणि पोरांना साप नि शिड्या तेवढ्या मिळाल्या. पच्चिशी अमेरिकेत 'पार्चीसी' झाली, आणि १८७४ साली ते नाव व्यापारचिन्ह म्हणून तेथील सरकारदरबारी रुजू झाले. जो खेळ कोणाचाच नव्हता त्याच्या नावाला अशा रीतीने मालक मिळाला.

मला जी कुळकथा सांगावयाची आहे ती याच्या उलट आहे. तिच्यातील खेळाला कर्ती होती, तिचे नाव होते, सरकारी दफ्तरात तारीखवार नोंद होती. आणि तरीही सुमारे चाळीस वर्षे सारे जग तो दुसऱ्याचाच समजत राहिले. हा खेळ म्हणजे 'मोनॉपली'. आपल्याकडील मराठी घरांत तो 'व्यापार' या नावाने, देशी गावांची आणि वस्त्यांची नावे धारण करून आला. फासे टाकावेत, जागा विकत घ्यावी, तीवर घर बांधावे आणि पाहुणा तेथे उतरला की त्याच्याकडून भाडे वसूल करावे, हे ज्याने लहानपणी केले नाही असा मध्यमवर्गीय वाचक विरळा.

एलिझाबेथ मॅगी यांचा जन्म १८६६ साली इलिनॉय संस्थानातील मॅकोम येथे झाला. वडील वृत्तपत्रकार, गुलामगिरीचे विरोधक आणि लिंकन यांचे अनुयायी. त्यांच्यामुळेच मुलीच्या हाती हेन्री जॉर्ज यांचा 'प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी' हा १८७९ सालचा ग्रंथ पडला. जॉर्ज यांचे म्हणणे थोडक्यात असे: जमीन कोणी निर्माण केलेली नाही आणि तिची किंमत मालकाच्या कष्टाने नव्हे तर भोवतालच्या समाजाच्या वस्तीने नि उद्योगाने वाढते, म्हणून जमिनीचे भाडे समाजाच्या तिजोरीत जावे आणि श्रमावरचे व व्यापारावरचे सारे कर उठावेत. रयतवारी आणि जमीनदारी या दोन्ही शब्दांच्या छायेत वाढलेल्या आपल्या वाचकाला या विचाराचे मर्म समजावून सांगावयास नको.

मॅगीबाई वॉशिंग्टनमध्ये लघुलेखिका होत्या. पत्ता न लागलेली बेवारस पत्रे जेथे येऊन पडत, त्या टपालखात्याच्या कचेरीत त्यांनी नोकरी केली. १८९३ साली टंकयंत्रात कागद सरकविण्याच्या एका सुधारणेचे पेटंट त्यांना मिळाले होते. म्हणजे यंत्राच्या अंगाने विचार करण्याची सवय होतीच. संध्याकाळी त्या जॉर्ज यांचा सिद्धांत लोकांना शिकवीत. व्याख्यानाला येणारे मोजकेच असतात, पण खेळायला सगळेच बसतात, हे त्यांनी ओळखले असावे. मार्च १९०३ मध्ये त्यांनी अर्ज केला आणि ५ जानेवारी १९०४ रोजी 'लँडलॉर्ड्स गेम', म्हणजे जमीनदाराचा खेळ, या पटाचे पेटंट त्यांच्या नावे झाले.

हा पट जरा बारकाईने पाहण्यासारखा आहे. चौकोनी फळीच्या कडेने चाळीस घरे. चार बाजूंना चार रेल्वे. एका कोपऱ्यावर तुरुंग, दुसऱ्यावर सार्वजनिक उद्यान आणि त्याला लागूनच गरीबखाना. तिसऱ्यावर कोणा विलायती उमरावाची मालमत्ता, जिच्यात पाऊल टाकणाऱ्याने सरळ तुरुंगात जावे. चौथा कोपरा भूमातेचा. तो ओलांडला की श्रमाची मजुरी म्हणून शंभर डॉलर मिळावयाचे. काही घरांवर भाकरी, कोळसा, वस्त्र यांसारख्या गरजा लिहिलेल्या. तेथे उतरणाऱ्याने पैसे मोजलेच पाहिजेत. त्या काळी पाश्चात्त्य घरांत जे पटावरील खेळ असत त्यांतील बहुतेकांना आरंभ होता आणि शेवट होता. सद्गुणी सोंगटीने स्वर्गासारख्या एखाद्या घरात पोचले की खेळ संपला. आपल्या सारीपाटातही सोंगट्या फेरी करून अखेर मधल्या घरात विसावतात. मॅगीबाईंच्या पटाला विसावा नाही. माणूस फिरतो, मजुरी मिळवितो, भाडे भरतो, पुन्हा फिरतो. आणि पायांखालची घरे मात्र हळूहळू दुसऱ्याच्या मालकीची होत जातात. जॉर्ज यांनी शेकडो पृष्ठांत जे मांडले ते या बाईंनी फाशांच्या काही फेऱ्यांत खेळणाऱ्याच्या अनुभवाला आणून दिले. हे काम मला एखाद्या चांगल्या कादंबरीच्या तोलाचे वाटते.

पण रचणे वेगळे आणि छापून लोकांपर्यंत पोचविणे वेगळे. १९०६ साली जॉर्जपंथीयांच्या 'इकॉनॉमिक गेम कंपनी' नावाच्या न्यूयॉर्कमधील लहानशा पेढीने तो छापला. मॅगीबाई स्वतः त्या उद्योगात होत्या. या आवृत्तीच्या नियमांत आणखी एक सोय होती. खेळणाऱ्यांनी ठरविले तर जॉर्ज यांच्या पद्धतीने भाडे जमीनमालकाऐवजी सार्वजनिक तिजोरीत जाई आणि तीतून रेल्वेसारख्या सोयी सर्वांना मोकळ्या होत. म्हणजे एकाच पटावर दोन जगे मांडली होती.

त्याच वर्षी शिकागोला गेलेल्या या बाईंनी वृत्तपत्रात एक जाहिरात दिली: तरुण अमेरिकन स्त्री-गुलाम विकणे आहे, सर्वांत मोठी बोली करणाऱ्यास मिळेल. टंकलेखिकेच्या आठवड्याच्या दहा डॉलरांत स्त्रीला माणसासारखे जगता येत नाही, हे सांगण्याची ती रीत होती. देशभर गवगवा झाला. खेळ रचणाऱ्या माणसाचाच हा स्वभाव. जे सांगावयाचे ते प्रसंग उभा करून सांगावयाचे. १९१० साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी विवाह केला. त्याच सुमारास 'पार्कर ब्रदर्स' या मोठ्या कंपनीने त्यांचा 'मॉक ट्रायल' हा पत्त्यांचा खेळ घेतला, पण जमीनदाराचा पट मात्र नाकारला.

कंपनीने नाकारलेला पट लोकांनी उचलला. डेलावेअरमध्ये आर्डेन नावाचे एक खेडे १९०० साली जॉर्ज यांच्या तत्त्वावर वसविले गेले होते. तेथे हा खेळ रुजला. तेथील रहिवासी स्कॉट निअरिंग फिलाडेल्फियाच्या विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवीत. त्यांनी तो विद्यार्थ्यांपुढे ठेवला. विद्यार्थ्यांनी पाहून पाहून आपापले पट केले. कोणी लाकडावर, कोणी मेणकापडावर. ज्याच्या त्याच्या पटावर ज्याच्या त्याच्या गावचे रस्ते आले. नियम तोंडी सांगितले जात, आणि तोंडी सांगताना माणूस जे रुचते तेच सांगतो. भाडे तिजोरीत टाकण्याचा नियम रुक्ष वाटला असावा, तो गळाला. शेजाऱ्याला नागवून एकट्याने सारे बळकाविण्याची गंमत राहिली. नावही राहिले नाही. खेळणारे त्याला नुसते 'मोनॉपली' म्हणू लागले. ज्या वृत्तीची किळस यावी म्हणून पट रचला तीच वृत्ती लोकांना सर्वांत गोड लागली, आणि याचा दोष कोणा एका चोराच्या माथी मारता येणार नाही.

१९३० च्या सुमारास तो अटलांटिक सिटीतील क्वेकर पंथीय शिक्षकांच्या आणि त्यांच्या स्नेह्यांच्या घरी पोचला. त्यांनी त्याला आपल्या शहराचे रस्ते दिले आणि किमती पटावरच लिहून टाकल्या. महाग रस्ते समुद्राकाठचे, आणि सर्वांत स्वस्त रस्ते कृष्णवर्णीयांच्या वस्तीतले. शहराचा सारा सामाजिक उतार त्या रंगीत पट्ट्यांत उतरला आहे. तेथून एका कुटुंबाने तो फिलाडेल्फियाच्या चार्ल्स टॉड यांना शिकविला आणि टॉड यांनी आपल्या ओळखीच्या चार्ल्स डॅरो याला.

डॅरो मंदीच्या लाटेत बेकार झालेला गृहस्थ. त्याने टॉड यांच्याकडून नियम लिहून घेतले, मेणकापडावर पट रंगविले, विकले. पुढे छापून घेतले आणि फिलाडेल्फियातील मोठ्या दुकानांत ठेवले. त्यालाही मोठ्या कंपन्यांनी प्रथम नाकारलेच. स्वतःच्या पदरच्या पैशाने, जोखीम पत्करून पट छापणारा माणूस म्हणून त्याच्या धडपडीबद्दल मला अनादर नाही. त्याने छापलेला पट सुबक होता आणि विकला गेला, हेही खरे. आक्षेप आहे तो पुढच्या गोष्टीला. मार्च १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्सने खेळ विकत घेतला, आणि 'हा तुम्हांला सुचला कसा' असे विचारले असता डॅरोने तो आपल्याच डोक्यातून निघाल्याचे लिहून दिले.

प्राचीन पोथ्यांचे पाठ ताडून पाहणाऱ्या आपल्या पंडितांना येथे गंमत वाटेल. अटलांटिक सिटीजवळ मार्गेट आणि व्हेंटनॉर या गावांच्या सीमेवर एक वस्ती आहे. दोन्ही गावांच्या नावांतून अक्षरे घेऊन तिचे नाव 'मार्व्हेन गार्डन्स' पडले. टॉड यांच्या हातून ते पटावर 'मार्व्हिन' असे उतरले. डॅरोच्या पटावरही 'मार्व्हिन'च आहे, आणि त्यावरून छापल्या गेलेल्या लक्षावधी पटांवर तेच. प्रत कोणत्या प्रतीवरून केली हे लेखनिकाची चूक सांगते, हा नियम ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांइतकाच मेणकापडालाही लागू पडतो.

कंपनीला लवकरच कळून चुकले की या खेळाला पूर्वज आहेत. मॅगीबाईंचे पहिले पेटंट १९२१ साली, सतरा वर्षांची मुदत संपून, निकालात निघाले होते. परंतु त्यांनी सुधारलेल्या पटाचे दुसरे पेटंट १९२४ साली घेतले होते आणि ते जिवंत होते. डॅन लेमन या तरुणाने १९३२ साली हाच खेळ 'फायनान्स' या नावाने छापला होता. 'मोनॉपली' हे नाव सर्वांच्या वापरातले असल्यामुळे त्यावर हक्क सांगता येणार नाही, असा सल्ला त्याला मिळाला होता. कंपनीने वाटेतले एकेक दार बंद केले. 'फायनान्स'चे हक्क दहा हजार डॉलरला घेतले. नोव्हेंबर १९३५ मध्ये वृद्ध जॉर्ज पार्कर स्वतः मॅगीबाईंच्या भेटीस गेले आणि त्यांचे पेटंट पाचशे डॉलरला घेतले. पुढील विक्रीवर हिस्सा नाही. त्यांचे आणखी दोन खेळ छापण्याचे आश्वासन मात्र दिले. एकोणसत्तर वर्षांच्या त्या बाईंना आनंद झाला. आपला जमीनदाराचा पट आता घरोघरी जाईल आणि त्याबरोबर जॉर्ज यांचा विचारही जाईल, असे त्यांना वाटले.

दोन महिन्यांत त्यांचा भ्रम फिटला. जानेवारी १९३६ मध्ये त्या वॉशिंग्टनच्या वृत्तपत्रांकडे गेल्या. आपला पट आणि डॅरोचा पट हाती धरून त्यांनी छायाचित्र काढविले. वकील, छापखाना आणि पेटंट कचेरी यांच्यापायी झालेला खर्च धरला तर या खेळाने बाईंना दिले त्यापेक्षा घेतलेच जास्त, असा हिशेब त्या वृत्तपत्राने मांडला. स्वतः पट छापणाऱ्या कोणत्याही माणसाला हा हिशेब ओळखीचा वाटेल. डॅरो लक्षाधीश झाला. त्याची हकीकत खेळाच्या खोक्यात नियमांबरोबर छापली जाऊ लागली. १९३९ साली कंपनीने 'लँडलॉर्ड्स गेम' छापला खरा, पण तो विशेष खपला नाही. १९४० च्या अमेरिकन शिरगणतीत मॅगीबाईंनी आपला व्यवसाय 'खेळ करणारी' असा नोंदविला. उत्पन्नाच्या रकान्यात शून्य आहे. १९४८ साली त्या वारल्या.

ही सारी हकीकत दफ्तरांत पडून राहिली असती. ती उजेडात आली एका दुसऱ्या स्वतंत्र खेळकर्त्याच्या कज्ज्यामुळे. राल्फ अ‍ॅन्स्पाक हे सॅन फ्रान्सिस्कोतील अर्थशास्त्राचे प्राध्यापक. मक्तेदारी मोडण्यात जय मानणारा 'अँटी-मोनॉपली' हा पट त्यांनी १९७३ साली स्वतःच काढला. नाव चोरल्याचा आरोप आला. १९७४ साली प्रकरण न्यायालयात गेले. बचावासाठी नावाचा इतिहास शोधता शोधता ते आर्डेनपर्यंत आणि मॅगीबाईंपर्यंत जाऊन पोचले. मधल्या काळात, १९७७ साली, निकाल विरुद्ध गेल्याने त्यांचे सुमारे चाळीस हजार पट मिनेसोटातील मँकाटो गावच्या उकिरड्यावर यंत्राने गाडण्यात आले. अ‍ॅन्स्पाक खचले नाहीत. १९८२ साली अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्यास नकार दिला. पुढच्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसने व्यापारचिन्हांचा कायदा दुरुस्त करून त्या कौलातील तर्काची धार बोथट केली, ही गोष्टही नमूद केली पाहिजे. तडजोड होऊन अ‍ॅन्स्पाक यांचा पट बाजारात राहिला.

या खटल्यात त्यांनी हुडकून काढलेले साक्षीदार म्हणजे पूर्वी हा खेळ खेळलेली मंडळी. टॉड त्यांत होते, क्वेकर होते, एकेकाळचे विद्यार्थी होते. सारे आता म्हातारे झाले होते. डॅरोचे नाव कोणी ऐकण्यापूर्वीचे, घरी रंगविलेले जुने पट पुरावा म्हणून पुढे आले. त्यांवर रस्ते प्रत्येकाच्या गावचे होते, आणि मॅगीबाईंचे नाव कोणावरच नव्हते.